ओसीडीसाठी माइंडफुलनेस थेरपी कोणी केली आहे का?

मिरजकरीण:
माझ्या धाकट्या भावाला चार वर्षांपासून ओसीडी आहे, म्हणजे नको ते विचार परत परत येतात आणि त्यापायी तीच कृती परत परत करावीशी वाटते. वय २६. त्याचं हात धुण्याचं नाही, गॅसचं आहे. रात्री शेगडीची बटणं बघतो, मग रेग्युलेटर, मग परत बटणं. मोबाईलमध्ये बंद रेग्युलेटरचे तीनशेच्या वर फोटो आहेत. मला झोपेतून उठवून विचारतो, "ताई, बंद आहे ना?" मी हो म्हणते आणि पाच मिनिटांत परत दाराशी येऊन उभा राहतो. आई म्हणते, लग्न झालं की जाईल.

फ्लुओक्सेटिन ही गोळी चालू होऊन दहा आठवडे झाले, थोडा उतार आहे. आता समुपदेशक बाईंनी माइंडफुलनेसचा, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे शांतपणे लक्ष देण्याच्या सरावाचा, ८ आठवड्यांचा कार्यक्रम सुचवलाय. त्याआधीच त्याने व्हिडिओ बघून घरी सुरुवात केली. गॅसचा विचार आला की डोळे मिटून दहा श्वास मोजतो. मध्ये चुकला की पहिल्यापासून. काल ओट्यासमोर चाळीस मिनिटं उभा होता. हे औषध म्हणायचं की नवीन दुखणं? अनुभव असेल त्यांनी कृपया लिहा.

पाऊसवेडा:
ताई, दादाला इगतपुरीला विपश्यनेच्या १० दिवसांच्या शिबिराला पाठवा. मला झोपेसाठी खूप फायदा झाला.

नीराकाठ:
मिरजकरीण, तुमची शंका बरोबर आहे. मी हे स्वतः भोगलंय म्हणून सविस्तर लिहिते.

माझं कुलपाचं होतं. लावायचं, ओढून बघायचं, चार पायऱ्या उतरायच्या, परत वर. ओढून ओढून उजव्या तर्जनीला घट्टा पडला होता. मीही आधी श्वासाचंच धरलं. धडधड थांबावी म्हणून श्वास घ्यायचे, थांबली नाही की अजून घ्यायचे. म्हणजे कुलपाऐवजी श्वास ओढून बघत होते, एवढाच फरक. माझ्या थेरपिस्ट बाईंनी ते पहिल्याच भेटीत पकडलं. म्हणाल्या, "बरं वाटावं म्हणून श्वास घेऊ नका. बरं वाटत नसताना तिथे थांबता यावं म्हणून घ्या."

मग त्या माझ्यासोबत जिन्यात उभ्या राहिल्या. कुलूप लावलं, एकदाही ओढलं नाही, दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरले. तळहात ओले, पोटात गोळा. मी "दार उघडं राहिलं" म्हटलं, की त्या वाक्य पुरं करायला लावायच्या: "दार उघडं राहिलं असा विचार आलाय." एवढ्या शेपटाने फार फरक पडतो. विचार खरा की खोटा याचा निकाल लावायचा नाही, त्याला तसाच राहू द्यायचं. कठड्याचा गार लोखंडी स्पर्श, खालच्या घरातल्या फोडणीचा वास, पोटातला गोळा, सगळ्याकडे सारखंच लक्ष. पहिल्या दिवशी पस्तीस मिनिटं गेली. रडले. पण वर गेले नाही.

तेव्हा भावाचे दहा श्वास बंद करा. मोजणं नको आणि परत पहिल्यापासून तर अजिबात नको.

आणि एक तुमच्यासाठी. तुमचा "हो, बंद आहे" हासुद्धा त्याच्या विधीचाच, म्हणजे परत परत तपासण्याचाच, भाग झालाय. मायेनेच होतं हे, माझा नवराही तेच करायचा. पण एकदम तोडू नका. दिवसा, तो शांत असताना, दोघांनी मिळून ठरवा. आम्ही ठरवलं होतं: "याचं उत्तर देणार नाही, पण तुझ्याजवळ बसतो."

पाऊसवेडा, तुमचा हेतू चांगला आहे, पण दहा दिवसांचं मौन आणि दिवसभर बसणं या अवस्थेत जड जाऊ शकतं. तिथल्या अर्जातच मानसिक आजार आणि औषधांबद्दल विचारतात. काही लपवू नये, आणि आधी डॉक्टरांशी बोलावं.

शिरीष_मानस:
मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. नीराकाठ यांनी जिन्यात केलं ते मुळात ईआरपी, म्हणजे भीतीला सामोरं जाणं आणि विधी न करणं. १९६६ मध्ये लंडनला व्हिक्टर मेयर यांनी या पद्धतीचा पाया घातला. आजही ओसीडीवर पहिली निवड तीच, सोबत गरजेप्रमाणे औषधं. माइंडफुलनेसवर आधारित एमबीसीटी ही थेरपी मुळात नैराश्य उलटू नये म्हणून तयार झाली. ओसीडीत तिचा पुरावा अजून तोकडा आहे, म्हणून ती जोड म्हणून घ्यावी, ईआरपीच्या जागी नाही. समुपदेशक बाईंना थेट विचारा: ईआरपी करता का, आणि वाय-बॉक्सचा, म्हणजे ओसीडीची तीव्रता मोजणाऱ्या चाचणीचा, गुण किती आला? हा गुण ० ते ४० मध्ये असतो, दर काही आठवड्यांनी मोजला की फरक कळतो. औषधाला १२ आठवडे तरी लागतात, ओसीडीत डोसही बऱ्याचदा जास्त लागतो. मनाने बंद करू नका. जवळ कोणी नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेचा १४४१६ क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

मिरजकरीण:
तुम्हा सगळ्यांची मी ऋणी आहे. काल दुपारी चहा घेताना त्याला नीराकाठ यांचं उत्तर वाचून दाखवलं. कुलपाच्या घट्ट्याशी आला तेव्हा मोबाईल माझ्या हातातून घेऊन पुढचं स्वतः वाचलं. फोटो तो पुसणार नाही म्हणाला, पण नवीन काढणार नाही. रात्री पावणेबाराला दाराशी आला. मी उत्तर दिलं नाही, उशी सरकवून जागा केली. बसला. एक वाजेपर्यंत आम्ही दोघं पंखा बघत होतो. मग तो आपल्या खोलीत गेला, स्वयंपाकघरात नाही. ईआरपीचं विचारायला सोमवारी बाईंकडे जातोय.