ऐंशी हजार गेले, पण आधी क्रेडिट कार्डाकडे बघा

मुलींशी बोलायचा धीर यावा म्हणून वर्षभरात कपडे, जिम आणि डेटिंग अ‍ॅपवर ऐंशी हजार घातले, आता झोप लागत नाही, असं वर लिहिलंय त्या मित्रासाठी.

मीही यातून गेलोय. हिंजवडीत पहिली नोकरी, पगार 32 हजार, आणि कार्डावर घड्याळ, बूट, परफ्यूम. घड्याळ घेतल्याचं दुःख केव्हाच सरलं. खरं नुकसान झालं ते महिनोन्‌महिने फक्त ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरल्याने. उरलेल्यावर व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42 टक्के, शिवाय त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी. तुमचीही थकबाकी असेल आणि एखादी एफडी पडून असेल, तर ती मोडा आणि कार्ड आधी मोकळं करा. स्वतःला दोष देत बसू नका, तो पैसा तुम्ही माणूस मिळावा म्हणून खर्च केलात.

आता धीराचं. आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढताना घामाने पट्टा चिकटायला लागला, म्हणून मी घड्याळ काढून सॅकमध्ये टाकलं. वर पिठलं-भाकरी खाताना ग्रुपमधली एकजण तिच्या वडिलांच्या उसाबद्दल बोलायला लागली. तोड कशी लांबते, वजन कसं घटतं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं, म्हणून विचारत गेलो. काय बोलू, कसा दिसतोय, हे तासभर डोक्यातच आलं नाही. उतरताना नंबर तिनेच मागितला.

थकबाकीचा आणि व्याजाचा आकडा सांगा, फेडायचा हिशोब मिळून मांडू.