खोल खाचांचे बूट घ्या म्हणे! हिवाळ्यात पाय सटकण्यावर एकदाचं बोलूच

मुलुंडकर_मिसिसागा
परवा 'कॅनडात नव्याने येणाऱ्यांसाठी' या धाग्यावर एकाने छातीठोकपणे लिहिलंय: "दोनशे डॉलरचे बूट घ्या, तळाला खोल खाचा बघा आणि बिनधास्त चाला. ते बुटांवर चढवायचे खिळ्यांचे पट्टे म्हणजे म्हातारचळ." खाली शाबासक्यांची रांग. हे वाचून नवीन पोरं जानेवारीत आडवी होतील म्हणून इथे स्वतंत्र लिहितोय.

खोल खाचा ताज्या भुसभुशीत बर्फासाठी असतात. तिथे त्या रुततात. दुपारी वितळून रात्री पुन्हा गोठलेल्या फुटपाथवर रुतणार कशात? तिथे सगळा खेळ रबराचा. साधं रबर थंडीत आणखी कडक होतं आणि टाच टेकताच सुटतं. थंडीतही मऊ राहणारं, काचतंतू नाहीतर खरखरीत कण मिसळलेलं रबर असेल तर धरतं.

टोरोंटोच्या काइट संस्थेत खऱ्या बर्फाची जमीन असलेली खोली आहे. माणसाला हार्नेस बांधून तिच्यावर चालवतात आणि पाय सुटेपर्यंत उतार वाढवत नेतात. ७ अंश टिकला तर बुटाला एक हिमफूल, ११ ला दोन, १५ ला तीन. २०१६ साली पहिला निकाल लागला तेव्हा ९८ प्रकारच्या बुटांपैकी नव्वद टक्के एका हिमफुलालाही मुकले होते. त्यात कारखान्यात घालायचे सेफ्टी बूटही होते. खाचा त्यांनाही होत्याच की.

खडूस_काका
ते वाक्य माझंच. अजूनही तेच म्हणतो. खिळे लावून सबवेच्या टाइल्सवर उतरलात कधी? आमच्या ऑफिसातला एक बहाद्दर अख्खा रस्ता ताठ मानेने चालत आला आणि लॉबीतल्या गुळगुळीत फरशीवर उताणा. डबा उघडून वरणभात थेट लिफ्टपर्यंत. दर दाराशी हातमोजे काढा, वाका, पट्टा ओढून काढा, ओला पट्टा पिशवीत कोंबा. आणि प्रयोगशाळेतलं ते हार्नेस बस पकडताना मला कोण बांधणार?

मुलुंडकर_मिसिसागा
काका, खिळे आत काढायचेच असतात. रेनकोट घालून जेवायला बसता का? आणि मी मुळात रबराबद्दल लिहिलंय, खिळ्यांबद्दल नाही. आधी वाचा तरी.

सह्यभटक्या
तुम्हा परदेशस्थांचं सगळं यंत्रांवर. चादर ट्रेकला या कधी. लडाखमधल्या गोठलेल्या झांस्कर नदीवर तिथले पोर्टर साधे गमबूट घालून पाठीवर ओझं वाहतात. ना हिमफूल, ना दोनशे डॉलर. पाय जास्त उचलायचा नाही, पावलं छोटी, गुडघा किंचित वाकलेला, वजन पुढच्या पायावर. चालता आलं पाहिजे, बूट दुय्यम.

विनिपेगची_विनी
भटक्या, चादरवर बर्फ कडाक्याचा आणि बराचसा कोरडा असतो. बर्फ सगळ्यात निसरडा होतो तो शून्याच्या आसपास, वर पाण्याचा पातळ थर आला की. आमच्याकडे उणे २५ ला मी आरामात चालते आणि टोरोंटोला भावाकडे गेले की अधिक १ ला भिंत धरून! उलट आमच्याकडे तेवढ्या थंडीत मीठ कामच करत नाही, म्हणून वाळू टाकतात. बूट निवडताना आधी गाव बघा. काइटच्या हिमफुलांच्या यादीत ओल्या बर्फाचीही चाचणी असते, नेमकं तेच कुणी बघत नाही. आणि ते पोर्टर लहानपणापासून त्या नदीवर चालतायत हो. आपण हिंदू कॉलनीत वाढलो.

स्मिता_ओकव्हिल
माझ्या सासूबाई डिसेंबरात आल्या त्या पुण्यात लक्ष्मी रोडवर घेतलेले 'थंडीचे बूट' घालून. आत मस्त लोकर, खाली प्लास्टिकसारखा सोल. दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडीतून उतरताना पहिलाच पाय गेला, हात टेकला, मनगट मोडलं. व्हिजिटर विम्याने प्लास्टरचे पैसे दिले, फिजिओथेरपीला मात्र चक्क नकार. पुढचे दोन महिने पोळ्या मी लाटल्या, ते वेगळंच.

खडूस_काका
वाईट झालं. पण सत्तरीच्या माणसाला हिवाळ्यात बोलावताच कशाला? जूनमध्ये बोलवा, बागा दाखवा.

स्मिता_ओकव्हिल
बाळंतपण जूनमध्ये ढकलायला हवं होतं, नाही का?

खडूस_काका
म्हणजे राबवायलाच बोलावलं होतं. तेच म्हणतोय मी.

स्मिता_ओकव्हिल
तोंड सांभाळून. नातवाला बघायला त्या स्वतःच्या हौसेने आल्या होत्या. तुमच्या घरचं बाळंतपण कुणी केलं? तुम्ही?

मालाडचा_मोरू
+१. काकांचं उत्तर ऐकायला बसलोय, चहा टाकलाय.

कायद्याचं_बोला
भांडण चालू द्या, पण स्मिताताई, ती पार्किंगची जागा खाजगी होती ना? ओंटारिओत जानेवारी २०२१ पासून खाजगी जागेत बर्फावर पडलात आणि भरपाई मागायची असेल तर ६० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नगरपालिकेच्या फुटपाथवर पडलात तर फक्त १० दिवस. बहुतेकांना हे प्लास्टर निघाल्यावर कळतं. पडल्या पडल्या जागेचा फोटो काढा आणि पायातल्या बुटांचाही. समोरचा वकील पहिला प्रश्न बुटांचाच विचारतो.

स्मिता_ओकव्हिल
साठ दिवस काय नि दहा काय! त्या वेळी बाळ चार दिवसांचं होतं. नोटीस कुठून सुचणार! असो, बुटांचा फोटो आमच्याविरुद्धच गेला असता.

मुलुंडकर_मिसिसागा
धागा बुटांचा आहे, सासूबाईंचा नाही. तरी ज्येष्ठांसाठी सांगतो: वाकून पट्टा ताणणं त्यांना जमत नाही हे काकांचं म्हणणं खरंय. त्यांच्यासाठी टाचेखाली उलटवता येणारे खिळे मिळतात. बाहेर पडताना खाली, आत आल्यावर वर. खुर्चीत बसल्या बसल्या होतं. हातात काठी असेल तर तिच्या टोकालाही तसाच खिळा मिळतो.

खडूस_काका
म्हणजे एका धाग्यात माझं एक वाक्य खरं निघालं, फ्रेम करून लावतो. ते उलटणारे खिळे कुठे मिळतात तेवढं लिहा. माझ्यासाठी नाही, हिला हवेत.

मालाडचा_मोरू
काका, बाळंतपणाचं राहिलंच.