अनुभव धागा (ऑक्टोबर २०२५) : कॉलेज बास्केटबॉलमध्ये ट्रान्सफर होऊन आलेला खेळाडू तुमचा कधी झाला?

वाबाशकाठ

गेल्या शनिवारी आमच्याकडे चार घरं जेवायला जमली होती. सगळी इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठाची आजी-माजी मंडळी. पानं वाढून होईपर्यंत विषय आमच्या बास्केटबॉल टीममधल्या ऑस्कर क्लफवर आला आणि ताक संपलं तरी तिथेच होता. यंदा (२०२५-२६) सीझन सुरू होण्याआधीच एपी वृत्तसंस्थेच्या क्रमवारीत पर्ड्यू पहिल्या नंबरावर आहे. सीझनआधीचा पहिला नंबर कॉलेजला इतिहासात पहिल्यांदाच मिळालाय. ब्रेडन स्मिथ, फ्लेचर लॉयर आणि ट्रे कॉफमन-रेन हे तिघं शेवटच्या वर्षाला आहेत, इथेच घडलेत. आणि त्यांच्यात आता साउथ डकोटा स्टेटहून आलेला हा ऑस्ट्रेलियन सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच गडी. एक मित्र म्हणाला, "चार वर्षं घाम यांनी गाळायचा आणि आयत्या बिळावर नागोबा येऊन बसणार." दुसरा म्हणाला, "गेल्या वर्षी रिबाउंडमध्ये, म्हणजे चुकलेल्या शॉटचा चेंडू उचलण्यात, आपण किती मार खाल्ला, ते विसरलास?" दोघंही मनापासून भांडत होते. म्हणून हा धागा.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. पूर्वी पदवी पूर्ण होण्याआधी कॉलेज बदललं, की बास्केटबॉलपटूला साधारण एक वर्ष बाकावर काढावं लागे. ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्यांची नोंदयादी, आलं. २०२१ पासून एकदा कॉलेज बदलून लगेच खेळता येऊ लागलं आणि २०२४ मध्ये, अभ्यासाच्या अटी पाळल्या तर, कितीही वेळा. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येतात. जुलै २०२५ पासून तर कॉलेजंच थेट पैसे देऊ शकतात, सगळ्या खेळांचे मिळून पहिल्या वर्षाला (२०२५-२६) सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. आता दर वसंतात दोन हजारांवर मुलं पोर्टलमध्ये नाव टाकतात.

माझा अनुभव लान्स जोन्सचा. १७ मार्च २०२३ ला राष्ट्रीय स्पर्धेत पहिलं मानांकन असलेलं पर्ड्यू सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनकडून ६३-५८ असं हरलं. मुलांच्या स्पर्धेत तोपर्यंत असं एकदाच घडलं होतं, २०१८ मध्ये व्हर्जिनियाच्या बाबतीत. त्या रात्री मी गाडीत बसून राहिलो, घरात गेलो नाही. काही आठवड्यांनी बातमी आली, की कोच मॅट पेंटरनी सदर्न इलिनॉयचा एक गार्ड, म्हणजे चेंडू खेळवणारा खेळाडू, घेतलाय. पेंटर २००५ पासून इथे मुख्य कोच आहेत आणि शाळेतून मुलं घ्यायची, तीन-चार वर्षं घडवायची ही त्यांची रीत. ट्रान्सफर अगदीच नव्हते असं नाही, डार्टमथहून इव्हान बूड्रो आला होता, पण ते मोजके. मी जोन्सचे आकडे काढले. थ्री-पॉइंटरची, म्हणजे लांबून मारलेल्या तीन पॉइंटच्या शॉटची, टक्केवारी तिशीच्या आत. आम्ही हरलो ते बाहेरून बास्केट पडेना म्हणून, आणि आणला कोण, तर हा. मी तसं लिहिलंही होतं तेव्हा, आणि ते लिहायला नको होतं असं आज वाटतं.

मग ३१ मार्च २०२४, डेट्रॉइट. टेनेसीविरुद्धची मॅच, जिंकलो तर १९८० नंतर पहिल्यांदा फायनल फोर, म्हणजे स्पर्धेतले शेवटचे चार. आमच्या झॅक ईडीने ४० पॉइंट केले, ते सगळ्यांना आठवतात. मला आठवतो तो शेवटच्या तीन मिनिटांतला जोन्सचा थ्री. चेंडू हातात आला आणि त्याने क्षणाचाही विचार केला नाही. आमची घडलेली मुलं आदल्या वर्षीच्या हरण्याचं ओझं खांद्यावर घेऊन खेळत होती. त्याच्या खांद्यावर ते नव्हतंच, कारण त्या रात्री तो आमच्याकडे नव्हता! हे माझ्या डोक्यात त्या क्षणी पहिल्यांदा आलं. ७२-६६ जिंकलो. त्या दिवसापासून तो माझा.

तुमचं सांगा. आला तेव्हा काय वाटलं, कधी आपला झाला, की झालाच नाही?

सालुकी

वाबाशकाठदादा, तुमचा लान्स आधी आमचा होता.

मी कार्बनडेलला, सदर्न इलिनॉय विद्यापीठात, शिकायला आले तेव्हा गावात माझं कुणी नव्हतं. थंडीतल्या संध्याकाळी लायब्ररी बंद झाल्यावर जायला एकच उबदार जागा होती, ती म्हणजे बॅंटेरा सेंटर, कॉलेजचा बास्केटबॉल हॉल. बास्केटबॉलचा एकही नियम मला माहीत नव्हता. तिथेच शिकले. लान्स जोन्स आणि मार्कस डोमास्क २०१९ मध्ये एकाच वेळी आले होते. आमच्या रांगेत एक निवृत्त शिक्षिका बसायच्या, त्या दोघांना "आपली पोरं" म्हणायच्या. त्यांच्यामुळे मीही म्हणायला लागले.

२०२३ च्या वसंतात दोघंही गेले. लान्स पर्ड्यूला, मार्कस इलिनॉयला. दोघांची चार वर्षं झाली होती, कोविडमुळे एक जादा वर्ष मिळालं होतं, ते त्यांनी मोठ्या ठिकाणी वापरलं. यात चूक काहीच नाही. मी स्वतः मास्टर्स झाल्यावर जास्त पगारासाठी कार्बनडेल सोडलंच की. तरी वाईट वाटायचं ते वाटलंच.

त्या सीझनला पर्ड्यू आणि इलिनॉय दोनदा भिडले, आणि दोन्ही मॅच मी शिकागोत माझ्या खोलीत एकटीने पाहिल्या. दोन्ही पर्ड्यूने जिंकल्या. मला कुणाच्या बाजूने ओरडावं ते कळेना. मार्कसने पुढे मोरहेड स्टेटविरुद्ध ट्रिपल-डबल (तीन प्रकारच्या आकड्यांत दहा किंवा जास्त) केला, तेव्हा त्या शिक्षिकाबाईंचा मेसेज आला, फक्त तीन उद्गारचिन्हं. लान्स फायनलला पोचला तेव्हा फोनच आला.

तुम्ही सगळे "आला तेव्हा" लिहाल. जिथून तो गेला, तिथल्या खुर्च्यांचंही कुणीतरी लिहायला हवं म्हणून लिहिलं.

वाबाशकाठ

सालुकी, हे वाचून गप्प झालो. ज्या टक्केवारीवरून मी त्याला नाकारत होतो, ती तुम्ही चार वर्षं डोळ्यांनी पाहत होतात आणि तरी त्याला आपला म्हणत होतात.

जयहॉक_लॉरेन्स

आमच्या गावाला, लॉरेन्सला, या खेळाचा अभिमान जरा जास्तच. ज्या जेम्स नेस्मिथनी १८९१ मध्ये बास्केटबॉल शोधला, तेच आमच्या कॅन्सस विद्यापीठाचे पहिले कोच. त्यामुळे इथल्या ॲलन फील्डहाउस या कोर्टवर येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाकडून इथे फार मागितलं जातं.

दोन खेळाडूंची गोष्ट सांगतो. पहिला रेमी मार्टिन, ॲरिझोना स्टेटहून २०२१ मध्ये आलेला. तिथे तो हीरो होता. इथे आला आणि गुडघा दुखावला. हिवाळाभर बहुतेक बाकावर. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मीच म्हणायचो, की याची जागा एखाद्या पहिल्या वर्षाच्या मुलाला दिली असती तर बरं. एप्रिल २०२२ च्या फायनलला नॉर्थ कॅरोलिनाने मध्यंतराला १५ पॉइंटची आघाडी घेतली होती. तिथून आम्ही ७२-६९ जिंकलो, आणि बाकावरून उठून आलेल्या मार्टिनने १४ पॉइंट केले, त्यात चार थ्री. माझी बायको क्रिकेटशिवाय काही बघत नाही. तीसुद्धा सोफ्यावर उभी होती.

दुसरा हंटर डिकिन्सन. ७ फूट २ इंच, २०२३ मध्ये मिशिगनहून आला. सगळ्या देशात त्या वर्षीच्या पोर्टलमधलं सर्वांत मोठं नाव. पैशांबद्दल तो पॉडकास्टवर उघडपणे बोलला होता, ते इथल्या जुन्या लोकांना खटकलं. मला नाही खटकलं. आपण सगळे नोकरी बदलताना पगार विचारतोच. दोन्ही वर्षं आम्ही सीझनआधी पहिल्या नंबरावर. २०२४ मध्ये दुसऱ्या फेरीत गॉन्झागाकडून ८९-६८, २०२५ मध्ये पहिल्याच फेरीत आर्कन्सॉकडून ७९-७२. सगळा राग त्याच्यावर निघाला. पण २०२४ च्या स्पर्धेत केव्हिन मॅककलर गुडघ्यामुळे खेळूच शकला नव्हता, आणि तोही टेक्सास टेकहून आलेला ट्रान्सफरच होता, हे कुणी बोलत नाही. डिकिन्सन त्याचं काम रोज करत होता. तो इथे चार वर्षं वाढलेला मुलगा असता, तर आम्ही "पोरानं जीव तोडला" म्हटलं असतं. तो ट्रान्सफर होता म्हणून "पैसे वाया गेले" म्हटलं. हा फरक मला अजून टोचतो.

ॲन_आर्बरची_अनु

डिकिन्सन मिशिगन सोडून गेला तेव्हा मी त्याचा नंबर असलेला टीशर्ट गराजमध्ये टाकला होता. लॉरेन्सवाले दादा, तुमचं वाचून आज शोधला. आहे अजून. बाकी मला लिहिण्यासारखं काही नाही.

नगरची_गार्ड

मी खेळाडूच्या बाजूने लिहिते, कारण मी स्वतः अशी आलेली आहे. अमेरिकेत नव्हे, पुणे विद्यापीठात.

मी नगर झोनमधून खेळायचे. दुसऱ्या वर्षाला पुण्यातल्या एका कॉलेजात प्रवेश घेतला. त्यांना गार्ड हवी होती, मला चांगलं कोर्ट आणि होस्टेल हवं होतं. पैसे वगैरे काही नाही, फी माफ झाली तेवढीच. पहिले दोन आठवडे प्रॅक्टिसला मला कुणी पास देईना. मी मोकळी उभी असायचे, हात वर, आणि चेंडू दुसरीकडे जायचा. माझ्यामुळे ज्या मुलीची सुरुवातीच्या पाचांतली जागा गेली, ती सगळ्यांची लाडकी होती. तीन वर्षं टीमचं पाणी भरण्यापासून सगळं केलेली. तिने मला कधी वाईट शब्द बोलला नाही, आणि तेच जास्त जड जायचं. माझं नाव पडलं "नगरवाली".

इंटरझोनलला समोर माझीच जुनी टीम आली. वॉर्म-अपला मी सवयीने त्यांच्या बाजूच्या बास्केटकडे चालायला लागले आणि अर्ध्यात थांबले. त्या मॅचमध्ये मला चौथा फाउल बसला आणि सरांनी मला बाहेर घेतलं. त्या लाडक्या मुलीला आत पाठवलं. आत जाताना ती माझ्याजवळ थांबली आणि विचारलं, "यांची सात नंबर डावीकडून जाते की उजवीकडून?" मी सांगितलं, उजवीकडून, पण आधी डावीकडे फसवते. तिने पुढच्याच चढाईत चेंडू काढून घेतला आणि बाकाकडे माझ्याकडे बघून मूठ वर केली. दुसऱ्या दिवसापासून पास यायला लागले.

आता मी ओहायोत असते. पोर्टलमधून आलेला कुठलाही मुलगा पहिल्या मॅचमध्ये मोकळा उभा दिसला, की माझं लक्ष स्कोअरकडे नसतं. त्याला चेंडू कोण देतं, ते मी बघते.

आयोवा_आई

आमच्या घरात बास्केटबॉल म्हणजे मुलींचं बास्केटबॉल. आयोवाची स्टार केटलिन क्लार्क २०२४ मध्ये कॉलेज संपवून व्यावसायिक संघात गेली, पाठोपाठ कोच लिसा ब्लूडर निवृत्त झाल्या, आणि माझी बारा वर्षांची लेक म्हणाली, "आता बघायचं नाही." तेवढ्यात व्हिलानोव्हाहून लूसी ओल्सन आली. आदल्या सीझनला सरासरी गुणांत ती देशात तिसरी होती. सगळे विचारत होते, ही नवी क्लार्क होईल का. मला त्या मुलीची काळजी वाटायची. दुसऱ्याची सावली पायाखाली घेऊन कसं खेळायचं?

२ फेब्रुवारी २०२५ ला आयोवाच्या कार्व्हर-हॉकआय हॉलमध्ये क्लार्कचा २२ नंबर निवृत्त केला. क्लार्क स्वतः समोर. पाहुणी टीम यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया), देशात चौथ्या क्रमांकाची, त्यांच्याकडे स्टार जूजू वॉटकिन्स. आम्ही तिकिटं काढून गेलो होतो. लेक २२ नंबर घालून. ओल्सनने २८ पॉइंट केले आणि आयोवा ७६-६९ जिंकली. परतताना गाडीत लेक झोपेत पुटपुटली, "लूसी." वॉशिंग्टनच्या व्यावसायिक टीमने तिला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, घेतलं, तेव्हा आम्ही घरी शिरा केला.

हूजर_बाबा

ब्लूमिंग्टनहून. आनंदाच्या गोष्टींत माझी थोडी वेगळी. इंडियाना विद्यापीठात यंदा नवे कोच डेरियन डेव्हरीज आले आणि जवळजवळ सगळी टीम नवी आहे. त्यांचा मुलगा टकरही आलाय, त्याचं हे तिसरं कॉलेज. असेंब्ली हॉलमध्ये वर पाच विजेतेपदांचे बॅनर आहेत, शेवटचा १९८७ चा. मी २००२ पासून तिथे जातोय. मुलाला मी खेळाडू शिकवायचो, हा दुसऱ्या वर्षाला आहे, हा गेल्या वर्षी असा खेळला. यंदा मुलाने यादी छापून फ्रिजवर लावली आहे आणि तो मला शिकवतोय. मला या मुलांबद्दल तक्रार नाही. नियम त्यांनी केले नाहीत. पण नोव्हेंबरात नावं पाठ करायची आणि एप्रिलमध्ये विसरायची, हे मला जमत नाही. एखादा खेळाडू आपला व्हायला एक सीझन पुरतो का, याचं उत्तर माझ्याकडे "नाही" असं आहे. कुणी पटवून दिलं तर आवडेल.

सालुकी

हूजरकाका, लान्सला पर्ड्यूत एकच सीझन मिळाला होता.

हूजर_बाबा

बरोबर. पण त्याच्या बाजूचे चौघं तेच होते. पाचही नवे असतील, तर ज्या घरात तो आला ते घरच कुठे आहे?

वाबाशकाठ

काका, शनिवारच्या वादात माझ्याकडे शब्द नव्हते, ते तुम्ही दिलेत. क्लफबद्दल माझी खरी काळजी जेकबसेनची होती. ७ फूट ४ इंचांचा डॅनियल जेकबसेन नोव्हेंबर २०२४ मध्ये दुसऱ्याच मॅचमध्ये पाय मोडून वर्षभर बसला. आता तो परत आलाय आणि त्याच जागेवर क्लफ. नगरची_गार्ड यांनी लिहिलेल्या त्या लाडक्या मुलीसारखं त्याचं होणार का, हे मला सीझनभर बघायचंय.

ब्रुकिंग्ज_एकटा_मराठी

सगळ्यांत शेवटी मी, साउथ डकोटा स्टेटहून. क्लफ आमच्याकडे एकच वर्ष होता, त्याआधी वॉशिंग्टन स्टेटला. सरासरी १७.६ पॉइंट आणि १२.३ रिबाउंड. तो गेला त्याच वसंतात आमचे कोचही ड्रेकला गेले. हूजरकाका, एका वर्षात तो आमचा झाला होता. उणे वीसमध्ये लोक ज्याच्यासाठी बर्फ खोरून गाडी काढतात, तो आपलाच असतो.

वाबाशकाठ, एक विनंती. पर्ड्यूच्या मॅकी अरिनात पहिल्या होम मॅचला जाणार असाल, तर तो समोरच्या बास्केटखाली आपल्याच टीमचा चुकलेला शॉट उचलतो, तेव्हा लक्ष ठेवा. पहिल्या उडीत मिळाला नाही तरी तो पुन्हा उडी मारतो. तो चेंडू मिळाला, की माझ्या वतीने दोन टाळ्या वाजवा.

वाबाशकाठ

तिकिटं आहेत. वाजवतो.