बाबांसाठी असिस्टेड लिव्हिंग बघतोय (पुणे), नक्की काय तपासायचं?

मुक्काम_बंगळुरू

नमस्कार मंडळी. बाबा ७६ वर्षांचे, पार्किन्सन्स होऊन सात वर्षं झाली. आई मागच्या वर्षी गेली, ती होती तोवर सगळं तीच निभवायची त्यामुळे गोष्टी किती अवघड झाल्यात ते आम्हाला कळलंच नव्हतं. मी बंगळुरूला, ताई नाशिकला आणि बाबा कोथरूडच्या फ्लॅटमध्ये ब्युरोच्या (घरी सांभाळायला माणसं पुरवणारी एजन्सी) माणसाबरोबर, तोही तीन महिन्यांत चौथा. गेल्या महिन्यात बाथरूममध्ये पडले, फ्रॅक्चर नाही झालं पण पाऊण तास तसेच फरशीवर होते कारण तो माणूस खाली फोनवर बोलत होता. बंगळुरूला यायला तयार नाहीत, म्हणतात दिवसभर मराठीत बोलायला कोण आहे तिथे, आणि त्यांचं चूक नाही.

दोन जागा बघून आलो. एक सिंहगड रोडला, एक तळेगावच्या बाजूला. दोन्हीकडे बाग, गणपतीचं देऊळ, भजनाचा हॉल. मॅनेजरने चहा दिला, ब्रोशर दिलं. एकीकडे महिना ३८ हजार, दुसरीकडे ५२, डिपॉझिट वेगळं. पण खरा फरक काय ते मला कळेना. ज्यांनी जवळून बघितलंय त्यांनी प्लीज सांगा. 'वडिलांना आश्रमात टाकलं' हे नातेवाइकांकडून भरपूर ऐकून झालंय, इथे नको.

रात्रपाळी

दादा, मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा केलेली) नर्स आहे, अशाच एका ठिकाणी पाच वर्षं काम केलंय, त्यात नाइट जास्त. पहिली गोष्ट, सकाळी अकराला बघायला जाऊ नका. तेव्हा सगळ्यांच्या आंघोळी झालेल्या असतात, स्टाफ पूर्ण असतो. न सांगता रात्री आठ-साडेआठला जा, शक्यतो रविवारी. आणि एकच विचारा, आज रात्री ड्यूटीवर कोण आहे, त्यांना भेटू का. आमच्याकडे २६ जणांना रात्री एक नर्स आणि दोन मावशी असायच्या, त्यातले नऊ जण अंथरुणाला खिळलेले. बेडसोर (पडून पडून होणाऱ्या जखमा) होऊ नये म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची असते, तुम्हीच हिशोब करा किती वेळा कोण वळवणार. बिल्डिंग झकास होती.

दुसरं, औषधांचा चार्ट बघायला मागा. नुसता आहे का हे नाही, नीट बघा. आमच्या इथे काही जणी उद्याच्या तारखेच्या सह्या आजच करून ठेवायच्या, सगळ्या एकाच पेनाने एका ओळीत. तुमच्या बाबांच्या बाबतीत तर हे फार महत्त्वाचं आहे कारण लेवोडोपाची गोळी (पार्किन्सन्सचं मुख्य औषध, सिन्डोपा वगैरे) अर्धा तास जरी पुढेमागे झाली तरी काही पेशंटचे पाय जागच्या जागी अडकतात, मग उठवायला गेलं की पडतात. आणि बऱ्याच जणांना ती डाळ, दूध, अंडी अशा प्रोटीनच्या जेवणाबरोबर दिली की नीट लागू पडत नाही. 'सगळ्यांना गोळ्या जेवणानंतर एकदम' असं जिथे सांगतील तिथे पार्किन्सन्सची माहितीच नाही असं समजा. अजून एक, उलटी झाली म्हणून मेटोक्लोप्रामाइड आणि रात्री ओरडतात म्हणून हॅलोपेरिडॉल, ही दोन औषधं पार्किन्सन्समध्ये त्रास वाढवतात. फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून द्या, मी खरंच सांगते, रात्री बाहेरून बोलावलेला डॉक्टर पहिलं पानच बघतो.

हिरवाचाफा

रात्रपाळी ताईंना अनुमोदन. माझी आई एका ठिकाणी चार महिने होती, मग काढून आणली. मी दर रविवारी जायचे, खोली स्वच्छ, चादर स्वच्छ, मी खूश. मग आईला सारखं युरिन इन्फेक्शन व्हायला लागलं. एकदा मधल्या वारी अचानक गेले तर पाण्याचा तांब्या खिडकीच्या कट्ट्यावर, आईच्या पलंगापासून चांगला पाच फूट लांब, झाकण घातलेला आणि तिच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलेलं. विचारलं तर म्हणे सारखी बाथरूमला न्यावं लागतं म्हणून पाणी बेतानेच देतो. मी तिथेच रडले. तेव्हापासून मी कुठेही गेले की आधी पाण्याचा पेला आणि बेल हाताच्या अंतरावर आहे का ते बघते. आणि वजन! महिन्याला वजन लिहितात का विचारा. आईचं सहा किलो कमी झालं होतं आणि वहीत नोंदच नाही.

कागदांचंही बघा. डिपॉझिट किती दिवसांत परत, हॉस्पिटलमध्ये असताना त्या महिन्याचे पैसे लावणार का, ॲडमिट करायला सोबत कोण जाणार आणि तुम्ही बंगळुरूहून येईपर्यंत कोण थांबणार. डायपर, फिजिओ, 'एक्स्ट्रा केअर' हे सगळं वेगळं लावतात, आमचे ३५ चे ४९ झाले होते. तब्येत बिघडली तर ठेवणार की घेऊन जा सांगणार हे लेखी घ्याच.

सह्याद्री_७९

एक माहिती. महारेराने (राज्याचं गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणारं प्राधिकरण) २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम काढले आहेत, व्हीलचेअर जाईल असे रुंद दरवाजे, स्ट्रेचर मावेल अशी लिफ्ट, बाथरूममध्ये धरायला दांडे वगैरे. पण ते बांधकामाबद्दल आहेत. मावशी किती, नर्स किती, हे तुम्हालाच बघावं लागेल. काही त्रास झाला तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

आता मी स्वतः अशा ठिकाणी अडीच वर्षं राहतोय म्हणून सांगतो. तुम्ही सगळे औषधं, नर्स विचारताय, बरोबरच आहे. पण बाबांना विचारा सकाळचा चहा किती वाजता लागतो. मला पहाटे पाचला लागतो, इथे सातला मिळायचा, दोन तास मी भिंतीकडे बघत पडून राहायचो. तक्रार केली तर किटली आणि कप खोलीत ठेवायला परवानगी दिली, एवढ्याने माझं मन इथे लागलं. आधी पंधरा दिवस ट्रायल म्हणून ठेवा, घरची खुर्ची बरोबर पाठवा. आणि तिथल्या आजी-आजोबांशी मॅनेजर सोबत नसताना बोला. आम्हाला कोणी विचारतच नाही हो.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथल्या लोकांनाही विचारा, त्यांचे घरचे यातून गेलेले असतात.

मुक्काम_बंगळुरू

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रविवारी रात्री दोन्हीकडे न सांगता गेलो.

५२ हजारवाल्या ठिकाणी गेटवरच वीस मिनिटं थांबवलं, मग एक मुलगा खाली आला, नर्स कुठेय तर म्हणे ऑन कॉल. वर एका खोलीतून कोणीतरी सारखं 'अगं ए' अशी हाक मारत होतं, मी होतो तोवर कोणी गेलं नाही. ३८ वाल्यांकडे भिंतींना ओल आहे, लिफ्ट जुनी आहे, पण एक मावशी एका आजींना मऊभात भरवत होत्या, प्रत्येक घास फुंकून, मध्ये थांबून 'गिळला का' विचारत होत्या. नर्सने चार्ट लगेच काढून दिला. एका बाबांची गोळी दहा मिनिटं उशिरा दिलेली तर तशीच वेळ लिहिली होती. मेटोक्लोप्रामाइडचं विचारलं तर तिला माहीत नव्हतं, पण तिने वहीत लिहून घेतलं.

बाथरूमचा उंबरठा मात्र चार इंच उंच आहे आणि बाबांचा पाय तिथेच अडकणार. तो काढून देतील का ते उद्या फोन करून विचारतो. सह्याद्री काका, बाबांना चहाचं विचारलं, साडेपाच म्हणाले, आणि बरोबर दोन मारी.