मदत हवी आहे: बाबांचा मोतीबिंदू, डोळ्याची सोनोग्राफी कशाला?

सांजवात: उजव्या डोळ्याचं ऑपरेशन सांगितलंय. आता म्हणतात आधी बी-स्कॅन, म्हणजे डोळ्याची सोनोग्राफी करा आणि शुगरचे रिपोर्ट आणा. शेजारच्या काकूंचं सोनोग्राफीशिवायच झालं. पैसे उकळतायत का? सकाळी फोन करायचाय, लवकर सांगा प्लीज.

वाटसरू: वय? डायबेटिस? त्या डोळ्याने कितपत दिसतं? काहीच लिहिलं नाहीत.

दादरकर: फेकोच करा, म्हणजे छोट्या छेदातून मोतीबिंदू फोडून काढतात ते, आणि मल्टिफोकल लेन्स घ्या, जवळचं-लांबचं दोन्ही दिसतं. माझा चष्मा सुटला, पेपर आरामात वाचतो.

निशिगंधा: दादरकर, लेन्सचं विचारलंय कुणी? डोळ्याचा मागचा पडदा (रेटिना) खराब असेल तर मल्टिफोकलचे पैसे वाया जातात. आणि रात्री गाड्यांच्या दिव्यांभोवती कडी दिसतात, तेही सांगा की.

दादरकर: मला नाही दिसत.

आप्पा_मिरज: घाई नको, पिकू द्या. तोवर मधाचे थेंब घाला, आमच्याकडे तेच करायचे.

निशिगंधा: आप्पा, कृपा करून असं सांगू नका! थेंबांनी मोतीबिंदू विरघळत नाही. फार पिकला तर डोळ्यातला दाब वाढतो, नजर कायमची जाऊ शकते.

सांजवात: वय 72. शुगर आहे, गोळ्या चालू. बाहुली पांढरट झालीय, डोळ्यासमोर हात हलवला तर तेवढाच कळतो. पण सोनोग्राफीचं सांगेल का कोणी?

वाटसरू: म्हणूनच सांगितलीय. मोतीबिंदू पिकला की डॉक्टरांना त्यातून पडदा दिसत नाही. पडदा सुटलाय का, आत रक्त साचलंय का, हे बी-स्कॅनमध्ये कळतं. शुगरवाल्यांना तर हवीच. काकूंचा मोतीबिंदू कोवळा असेल, पडदा नुसता तपासून दिसला असेल. लेन्सचा नंबर काढायची बायोमेट्री वेगळी, तीही होईल. बाकी गोळ्या कुठल्या?

मीनल_ठाणे: सासूबाईंना काचबिंदू आहे. त्यांचे थेंब फ्रिजमध्ये ठेवायचे का?

सांजवात: बीपीची, आणि लघवीसाठी टॅमसुलोसिन. त्याचा काय संबंध?

वाटसरू: फार मोठा! टॅमसुलोसिनने ऑपरेशन चालू असताना बाहुली आकसते, आयरिस, म्हणजे बाहुलीभोवतीचं रंगीत कडं, सैल पडते. आधी कळलं तर सर्जन तयारीत राहतात. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, बंद करूनही परिणाम राहतो. उद्या फोनवर पहिलं हेच सांगा.

निशिगंधा: मीनल, बाटलीवर लिहिलेलं असतं, प्रत्येक औषधाचं वेगळं. नवा धागा काढा ना.

सांजवात: गोळीचं नाव फाइलवर लिहून ठेवलं. बी-स्कॅन करून घेते. ऑपरेशनला शुगर किती लागते?