अनुभव धागा : पुरिसिमा क्रीकच्या रेडवुड जंगलात एका दिवसाची भटकंती

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्को बे एरियात राहणाऱ्या किंवा पाहुणे म्हणून आलेल्या मंडळींसाठी हा धागा. हाफ मून बे गावाजवळचे पुरिसिमा क्रीक रेडवुड्स हे जंगल आपल्यापैकी अनेकांनी वारंवार पायाखाली घातले आहे. प्रवेश फुकट, मोटारगाडीचे आरक्षण लागत नाही, आणि चाल ना फार सोपी ना फार अवघड. ज्यांना ही वाट नीट माहीत आहे त्यांनी नेमकी माहिती लिहावी: कुठून सुरुवात, किती वेळ, काय चुकते. वर्णने नकोत, उपयोगाचे हवे.

*

सगळ्यात आधी ठरवा तो चढ कधी घ्यायचा ते. वरून, म्हणजे स्कायलाइन बुलेवर्डवरून सुरुवात केली की आधी उतार लागतो आणि दमल्यावर चढ. लोक खाली ओढ्यापर्यंत मजेत जातात आणि परतीला हजार-दीड हजार फूट चढताना पाणी संपते. म्हणून नवख्यांनी खालून, हिगिन्स कॅन्यन रोडच्या पार्किंगपासून निघावे.

फेरी अशी: हार्किन्स रिज ट्रेलने वर, क्रेग ब्रिटन ट्रेलने आडवे, आणि पुरिसिमा क्रीक ट्रेलने ओढ्याकाठून खाली. एकूण साधारण ७ मैल, चढ सुमारे १६०० फूट. तिन्ही टप्पे सव्वादोन ते अडीच मैलांच्या आसपास. पहिल्याला पावणेदोन तास, दुसऱ्याला दीड, तिसऱ्याला एक. खाण्यापिण्याचा वेळ धरून पाच तास हाताशी ठेवा.

*

वरच्या हिशोबात भर. हार्किन्स रिज उघडी आहे, सावली फारशी नाही. हाच चढ दुपारी बारानंतर घेतला तर रेडवुडच्या जंगलात आलोय हे कुणाला पटणार नाही. सकाळी साडेआठला चालायला लागलात तर धुके असते आणि ऊन चढायच्या आत तुम्ही झाडांत शिरता. उलट दिशेने फिरणारेही आहेत, पण मग त्याच तीव्र, भुसभुशीत मातीच्या उतारावरून खाली यावे लागते आणि गुडघे बोलतात. आईवडील बरोबर असतील तर उलट दिशा नकोच. किंबहुना त्यांच्यासाठी फेरी सोडून द्या: ओढ्याकाठच्या वाटेने दीड मैल आत जा आणि त्याच वाटेने परत या. चढ अगदी हलका, सावली पूर्ण. दोन काठ्या मात्र द्या.

*

दोन फाटे नीट लक्षात ठेवा. हार्किन्स चढताना क्रेग ब्रिटनचा फाटा उजवीकडे आहे. तो चुकला तर तुम्ही थेट स्कायलाइनला पोचता. क्रेग ब्रिटन संपून ओढ्याच्या वाटेला लागलात की पुन्हा उजवीकडे. डावीकडे वळलात तर परत चढ. शंका आली तर पाणी कुठे वाहते ते बघा, तुम्हाला पाण्याबरोबर जायचे आहे.

दरीत फोनला रेंज धरू नका. दाट झाडीखाली जीपीएसचा ठिपकाही इकडेतिकडे उड्या मारतो. नकाशा घरीच उतरवून घ्या, एक कागदी प्रत खिशात ठेवा.

*

पार्किंग लहान आहे. शनिवार-रविवारी नऊनंतर जागा मिळण्याचा भरवसा नाही आणि रस्त्याकडेला गाडी लावता येईल असा तो रस्ता नाही. हाफ मून बेला पोचायला हायवे ९२ घेणार असाल तर ऑक्टोबरात भोपळ्यांच्या दिवसांत तिकडे फिरकू नका, विशेषतः पम्पकिन फेस्टिव्हलच्या शनिवार-रविवारी. गाड्यांची रांग हलत नाही. पिण्याचे पाणी आत कुठेही नाही. कुत्र्यांना बंदी आहे. वादळानंतर झाडे पडून वाटा बंद होतात, म्हणून आदल्या रात्री हे जंगल सांभाळणाऱ्या मिडपेनिन्सुला रीजनल ओपन स्पेस डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

*

कपड्यांबद्दल. सॅन होजेत ३० अंश असताना इथे १३-१४ असू शकते. जून ते ऑगस्टमध्ये समुद्रावरचे धुके रेडवुडच्या सुयांवर अडते आणि थेंब थेंब खाली गळते. बाहेर पाऊस नसताना झाडाखाली तुम्ही भिजता. उन्हाळ्याच्या कोरड्या महिन्यांत या झाडांना मिळणाऱ्या पाण्याचा मोठा हिस्सा हाच. सुती टीशर्ट चढावर घामाने ओला होतो आणि सावलीत गेल्यावर अंगाला गार लागतो. पातळ सिंथेटिक किंवा लोकरीचा थर, वर वाऱ्याचे जॅकेट, एवढे पुरे.

गारव्यात तहान जाणवत नाही, ही खरी गोम. माणशी दोन लिटर घ्या आणि दर अर्ध्या तासाला घोट घ्या. खायला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी उत्तम, सोबत खजूर. डबे उघडून मांडावे लागतील असे काही नको, क्रेग ब्रिटनवर वाट अरुंद आहे.

*

पॉयझन ओक! याच्या तेलाने अंगावर खाजरी पुरळ येते. पळसाला पाने तीनच, तशी या झुडपालाही तीनच. ब्लॅकबेरीलाही तीन असतात पण तिला काटे असतात, याला नसतात. शरदात पाने लाल होतात आणि मुले ती हमखास तोडायला जातात. हिवाळ्यात पाने झडली तरी काड्यांत तेच तेल असते. स्पर्श झाला तर ताबडतोब साबणाने, फडक्याने घासून धुवा. बुटांच्या नाड्या आणि काठ्याही धुवा, नाहीतर चार दिवसांनी पुन्हा पुरळ.

*

अपेक्षा नीट ठेवा. इथली जुनी झाडे लाकडासाठी तोडली गेली. आज दिसतात ती बहुतेक त्यानंतर वाढलेली. मोठे बुंधे शिल्लक आहेत, त्यांभोवती नव्या झाडांचे कडे उभे असते. सहाशे-आठशे वर्षांची झाडे बघायची असतील तर म्युअर वुड्सचे जंगल गाठा. तिथे २०१८ पासून पार्किंगचे आरक्षण आधी करावे लागते, ते न करता जाऊ नका. बिग बेसिन या रेडवुडच्या दुसऱ्या उद्यानात २०२० च्या आगीनंतर झाडे पुन्हा फुटली आहेत, पण पूर्वीची गर्द सावली नाही.

*

एक विनंती. रेडवुडची मुळे उथळ असतात आणि आडवी दूरवर पसरतात. फोटोसाठी वाट सोडून बुंध्याशी उभे राहिलात की वरची माती दबते आणि मुळांना पाणी मिळत नाही. आणि परतल्यावर बुटांचा चिखल पार्किंगमध्येच ब्रशने झाडून टाका. टॅनओक नावाची झाडे मारणारा रोग चिखलातून एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जातो.