नागपूरचा पहिला उन्हाळा आणि पाळणाघर: काय काय विचारून घेऊ?

मुळाकाठची
नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या बदलीमुळे जानेवारीत पुण्याहून नागपूरला आलोय. लेक अडीच वर्षांची, मुलगा पाच महिन्यांचा. १५ एप्रिलपासून मी कामावर रुजू होणार, म्हणजे दोघंही सकाळी साडेनऊ ते साडेपाच पाळणाघरात. बंगल्याचा तळमजला आहे, मावशी प्रेमळ आहेत, पंधराएक मुलं.
काल उन्हाळ्याची चिठ्ठी आली: टोपी, पाण्याची बाटली, सनस्क्रीन, ग्लुकोजची पुडी. संपलं. इकडे ऑफिसातले लोक ३९ अंशाला "हे तर काहीच नाही" म्हणतात आणि माझ्या पोटात गोळा येतो. पाळणाघरात नेमकं काय विचारू? सनस्क्रीन कोणतं घेऊ? सासूबाई म्हणतात बाळाला चमचाभर उकळून गार केलेलं पाणी सुरू कर, घसा सुकतो. आणि इथे ५६ अंश झालं होतं म्हणतात ते खरं का?

वऱ्हाडी_ठेचा
अवं ताई, भिऊ नका. ५६ वालं यंत्रच बिघडलेलं होतं. २०२४ च्या मेअखेरची गोष्ट, हवामान खात्यानंच मग सांगितलं. पण ४७.९ खरं आहे, मे २०१३. आमच्या अकोल्यालेही तेवढं काही नवीन नाही.
सनस्क्रीनचं नंतर पाहा. आधी लेकरं झोपतात ती खोली पाहून या, तेही दुपारी तीन वाजता. सकाळी सगळ्याच खोल्या गार असतात. पश्चिमेची भिंत हाताले चटका देते का पाहा. तळमजला आहे हे बरं, स्लॅबखालची खोली रात्री दहापर्यंत भट्टी असते.
मग कूलर. आपल्याकडे कोरडी हवा, म्हणून कूलर झकास चालतो, पण समोरची एक खिडकी उघडी पाहिजे. बंद खोलीत लावला की नुसता दमटपणा. सगळ्यात महत्त्वाचं, पत्र्याचा असेल तर अर्थिंग तपासून घ्या आणि लेकरांचा हात पोचणार नाही असा ठेवायला सांगा. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून पोट्टे गेल्याची बातमी पेपरात असते. टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण उपसून, घासून, कोरडं. नाहीतर डेंग्यूचे डास तिथंच.

बाळडॉक
वरच्या प्रतिसादाला दुजोरा. माझ्याकडून तीन गोष्टी.
पाच महिन्यांच्या बाळाला पाणी नको. सहा महिने पूर्ण होईपर्यंत आईचं दूध हेच त्याचं पाणी, नागपूरच्या मे महिन्यातसुद्धा. पाण्याने इवलंसं पोट भरतं, दूध कमी जातं आणि पाण्यातून जुलाब होण्याची भीती वेगळीच. उन्हाळ्यात बाळ जास्त वेळा मागेल, तेवढं द्या. तुम्ही मात्र भरपूर पाणी प्या. सासूबाईंना माझं नाव सांगा.
दूध काढून ठेवणार असाल तर "चार तास बाहेर चालतं" हा हिशोब २५ अंशांच्या खोलीचा आहे. तुमच्याकडे ती खोली ३५ ची असेल. काढल्याबरोबर फ्रीज, आणि नेताना बर्फाच्या पिशवीसोबत. पाळणाघरात फ्रीज आहे का आणि वीज गेली तर काय करतात, हे विचारा.
ग्लुकोजच्या पुडीत नुसती साखर असते, मीठ नसतं. रोज द्यायची काहीच गरज नाही. खेळत्या-खात्या मोठ्या मुलीला पाणी, ताक, पन्हं पुरे. जुलाब-उलट्या झाल्या तर ओआरएस (मीठ-साखरेची औषधी पुडी), आणि एका लिटरची पुडी संपूर्ण एका लिटरमध्येच, अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात नाही. खोक्यातली गोड पेयं ओआरएसच्या नावाने विकली जात होती. एफएसएसएआयने (अन्नसुरक्षेची सरकारी संस्था) ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यावर बंदी घातली, तरी घेताना पुडीवरचं वाचाच. काहीच हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.
सहा-आठ तास शू नाही, बाळाची टाळू खोल गेलेली, रडताना डोळ्यांत पाणी नाही, मूल मलूल: संध्याकाळची वाट पाहू नका. अंग भट्टीसारखं तापलंय आणि मूल बरळतंय, गुंगीत आहे किंवा झटके येताहेत, तर ते ऊन लागणं आहे. त्यावर पॅरासिटामॉल चालत नाही. सावलीत आणा, कपडे काढा, अंगावर साधं पाणी ओतत राहा, वारा घाला आणि १०८ ला फोन. गुंगीतल्या मुलाच्या तोंडात काही घालायचं नाही.

मेलबर्नकर_मुग्धा
आमच्याकडे उलटी तऱ्हा. तापमान २२ असलं तरी यूव्ही निर्देशांक (कातडी भाजणाऱ्या अतिनील किरणांचं माप) ३ किंवा वर गेला की पाळणाघरात मुलांना टोपी आणि सनस्क्रीन सक्तीचं. टोपी नसेल तर सावलीत बसायचं, खेळायला सोडत नाहीत. टोपीसुद्धा क्रिकेटवाली चालत नाही, कारण कान आणि मान उघडी राहते. सगळीकडून काठ असलेली, नाहीतर मागे मानेवर कापड लोंबणारी. लेकीसाठी तशीच घ्या.
सनस्क्रीन एसपीएफ (ऊन अडवण्याची ताकद, बाटलीवर लिहिलेली असते) ३० किंवा वरचं, बाहेर पडण्याआधी वीस मिनिटं, दर दोन तासांनी परत. सहा महिन्यांखालच्या बाळाला लावायचं नाही, त्याला सावली आणि सुती कपडे. पण सनस्क्रीन कातडी भाजण्यापासून वाचवतं, उकाड्यापासून नाही. ते चोपडलं म्हणून मूल दुपारी बाहेर सोडायचं नाही.

मुळाकाठची
बापरे, खूपच उपयोगी! बाळडॉक, सासूबाईंनी विचारलंय की तुमचं लग्न झालंय का. (मुलांना सांभाळल्याचा अनुभव आहे का, असं म्हणायचंय त्यांना.)

बाळडॉक
दोन मुली आहेत म्हणावं. दोघींना पाणी दिलं नव्हतं.

अमरावतीची_काकू
मी एकवीस वर्षं पाळणाघर चालवलं, आता दुसऱ्या बाजूचंही ऐका. आम्ही अंगणात साडेआठपर्यंतच सोडायचो, नंतर थेट संध्याकाळी सहाला. तुमची लेक साडेनऊला येते म्हणजे तिच्या वाट्याला अंगण नाहीच, हे गृहीत धरा आणि घरी सकाळी खेळवून आणा. घसरगुंडी पत्र्याची आहे का पाहा. संध्याकाळी सहालाही मांड्या भाजतात, हात लावून बघितल्याशिवाय बसवायचं नाही.
आणि पालक काय पाठवतात ते सांगते. नायलॉनचा झगा, "छान दिसतो" म्हणून. मग दिवसभर घामोळं खाजवत पोर रडतं. दोन जोड पातळ सुती कपडे द्या. पावडर फासू नका, घामात तिचा चिखल होतो. डब्यात पनीर, खोबऱ्याची चटणी, सकाळचा दहीभात... दुपारी एकपर्यंत नासणार नाही का ते? पोळी-गूळ, कोरडी भाजी, काकडी, टरबुजाच्या बिया काढलेल्या फोडी.
आणखी एक: उन्हाळा म्हणजे कांजिण्यांचा हंगाम. अंगावर एक फोड दिसला तरी सगळ्या खपल्या धरेपर्यंत मूल घरी. "ताप नाहीये हो काकू" म्हणून आणून सोडणाऱ्यांनी माझं अख्खं पाळणाघर एका एप्रिलमध्ये आजारी पाडलं होतं. कांजिण्यांची लस सरकारी यादीत नाही, आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावी लागते. गोवर-रुबेलाची मात्र आहे, नऊ महिन्यांना आणि मग सोळा ते चोवीस महिन्यांत. लेकीचं कार्ड तपासा.

खट्याळ_आजोबा
खिशात कांदा ठेवायचं कुणीच कसं सांगितलं नाही? आमच्या पिढीने कांद्यावर उन्हाळे काढले.

बाळडॉक
आजोबा, कांदा खिशापेक्षा ताटात बरा.

सावनेरची_सई
माझ्या मुलाचा घोळणा फुटतो, दर मे महिन्यात. पाळणाघरात मान मागे करून झोपवतात, बरोबर आहे का?

बाळडॉक
नाही. बसवून, मान किंचित पुढे झुकवून, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत. मध्ये सोडून बघायचं नाही. मान मागे केली की रक्त घशात जातं आणि मग मूल ओकतं. वारंवार होत असेल तर दाखवून घ्या.

मुळाकाठची
परवा दुपारी तीनला, न सांगता जाऊन आले. कूलर पत्र्याचाच, मुलांच्या गादीपासून दोन हातांवर. मावशींना वाईट वाटेल म्हणून घाबरतच बोलले, तर त्या म्हणाल्या, "मलेही भ्या वाटते त्याचं, पण सांगणार कोणाले?" मालकीणबाईंनी वायरमन बोलावला. अर्थिंग नव्हतंच. आता कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर गेलाय.
फ्रीज आहे, पण त्यात सगळ्यांचे डबे आणि एक भलंमोठं टरबूज. दुधासाठी वरचा कप्पा मागून घेतला. ग्लुकोजच्या पुड्या परत आणल्या. पाण्याचा प्रश्न सासूबाईंनी सोडून दिलाय, आता त्या मलाच दर तासाला तांब्याभर पाणी आणून देतात.
एकच राहिलं. व्हॅनवाले काका दुपारी दीडला बालवाडीची मुलं आणतात आणि पाळणाघराच्या दारात गाडी उन्हात उभी करून एकेकाला उतरवतात. त्यांना कसं सांगू? व्हॅन आमची नाही, पण मुलं तर दिसतात ना.

अमरावतीची_काकू
काकांना नाही, मालकीणबाईंना सांगा. फाटकाच्या आत सावलीत गाडी घ्यायची, आधी सगळी मुलं उतरवायची, मग दप्तरं. आणि शेवटच्या बाकापर्यंत कुणीतरी चढून बघायचं, कुणी झोपलेलं राहिलंय का. रोज.